मन थाऱ्यावर राहावे म्हणून

21 मार्च 2024. रमजानचा दहावा रोजा. सहरी आणि फजर आटोपून कोणी नुकतेच आडवे झाले होते, कोणी तिलावतीला बसले होते, कोणी शेताच्या वाटेला लागले होते. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. तीव्रता 4.5. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का, 3.6 चा. नांदेड आणि परभणीपर्यंत भांडी वाजली. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा धक्का बसला. केंद्र कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांडा परिसरात. अल्हम्दुलिल्लाह, जीवितहानी झाली नाही. माणसे घराबाहेर धावली आणि थोड्या वेळाने घरात परतली.

मन मात्र कितीतरी जणांचे बाहेरच राहिले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना तर जमिनीखालून येणारे गूढ आवाज काही वर्षांपासून ओळखीचे झाले आहेत. असा आवाज आला की आजही बायका आधी लेकरांकडे धावतात. ट्रॅक्टर घराजवळून गेला तरी छातीत धडधड, रात्री पंख्याकडे डोळे लावून पडणे, अंगावरची गोधडी हलली तरी दचकून उठणे. दवाखान्यात गेले की "बीपी नॉर्मल आहे" असे सांगतात, आणि बाई घरी येऊन म्हणते, "मग हा जीव खालीवर का होतो?"

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि त्याचा मोठा भाग रोजच्या साध्या सवयींत आहे. भूकंपाची भीती हे आपल्या जिल्ह्याचे उदाहरण म्हणून घेतले. कर्जाची, मुलीच्या लग्नाची, हळदीच्या भावाची, परदेशी गेलेल्या मुलाची काळजीही मनात याच वाटेने शिरते.

आधी उंट बांधा

एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते की, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर मिळाले. ही हदीस आपण व्यवहाराच्या गप्पांत नेहमी ऐकतो. मनाच्या आरोग्यासाठीही ती तितकीच कामाची आहे. ज्या भीतीवर काही करता येते, तिच्यावर आधी ते करून टाकावे.

आपल्याकडे पत्र्याच्या घरांवर वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवायची रीत आहे. 2024 च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने हे दगड काढून घ्यायला सांगितले. किती घरांनी काढले, ज्याचे त्याने वर मान करून पाहावे. दगड काढून पत्रे हुक-बोल्टने कसणे हे एका दिवसाचे काम आहे. झोपायच्या जागेवर फळी आणि फळीवर डबे असतील तर ते खाली आणणे अर्ध्या तासाचे. धक्का बसला तर दाराजवळ असणाऱ्यांनी मोकळ्या जागेत जायचे, आत अडकलेल्यांनी मजबूत टेबलाखाली किंवा पलंगाखाली डोके झाकून थांबायचे, दादीला कोणी धरायचे, हे एकदा घरात ठरवून मुलांकडून दोन-तीनदा करून घेतले की मुलांची भीती निम्मी होते. आपण काहीतरी करू शकतो हे कळलेले मूल रात्री शांत झोपते. मोठ्यांचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. हजारो माणसे दगड-मातीच्या जड भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. त्या धक्क्याची तीव्रता 6.2 ते 6.4 नोंदली आहे. 4.5 आणि 6.2 हे आकडे कानाला जवळजवळचे वाटतात, पण भूकंपाच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. म्हणजे किल्लारीचा धक्का आपल्या धक्क्याच्या साडेतीनशे पटींच्या आसपास होता. किल्लारीतही आधी, 1992 मध्ये, लहान धक्के बसले होते. ही गोष्ट लपवून धीर देण्यात अर्थ नाही. पण जगात बहुतेक ठिकाणी असे लहान धक्के येतात आणि विरून जातात. पुढचा धक्का कधी आणि केवढा हे आजचे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. त्यामुळे "आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप" असा मेसेज कोणीही पाठवला तरी तो खोटाच असतो. तो पुढे न ढकलणे ही मनाच्या आरोग्याची सवय आहे, स्वतःच्याही आणि शेजारणीच्याही.

बल्खचे एक जुने पुस्तक

मन आजारी पडू शकते ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असे आपल्यातल्या काहींना वाटते. अबू जैद अल-बल्खी हे आजच्या अफगाणिस्तानातील बल्खचे विद्वान. 850 च्या सुमारास जन्मले, 934 मध्ये वारले. भूगोलाचे जाणकार म्हणूनही त्यांचे नाव आहे. 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस' या त्यांच्या ग्रंथाचा एक भाग शरीराच्या आरोग्यावर आणि दुसरा मनाच्या आरोग्यावर आहे. राग, भीती, दुःख आणि वसवसा अशी मनाच्या त्रासांची विभागणी त्यांनी केली. दुःखाचेही दोन प्रकार सांगितले: ज्याचे कारण समोर आहे ते, आणि कारण सापडत नाही तरी माणसाला ग्रासते ते. दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात शोधले आणि त्यावर शरीराचाही उपचार सांगितला. अकराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. औषधाची गोळी घेणाऱ्याला "तुझा ईमान कमजोर आहे" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

त्यांचा एक सल्ला तर घरात फडताळ असलेल्या प्रत्येकीला पटेल. ताप येण्याआधी आपण औषध घरात आणून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार गोळा करून ठेवावेत आणि घाबरे झाल्यावर काढावेत. भीतीने डोके भरले असताना नवा विचार सुचत नाही. म्हणून बऱ्या दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून ठेवाव्यात: मागच्या वेळी असेच वाटले होते आणि ते उतरले, छातीची धडधड धोक्याची नसते असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे, खाला फोन उचलते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लेकीकडून लिहून घ्यावे.

काळजीला एक वेळ नेमून द्या

हळद हे नऊ महिन्यांचे पीक. जूनमध्ये बेणे जमिनीत जाते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश, आणि शेवटी वसमतच्या नाही तर हिंगोलीच्या बाजारात पोती. पैसा वर्षातून एकदा हाती येतो. तोपर्यंत भावाची वाट पाहणे आहे, आणि ही वाट आता मोबाईलवर पाहिली जाते. दिवसातून दहा वेळा भाव पाहिला म्हणून भाव वाढत नाही, पण दहा वेळा पोटात गोळा येतो. भूकंपाच्या बातम्यांचेही तेच.

काळजी करू नका, असे म्हणणे निरुपयोगी आहे; काळजी ऐकत नाही. तिला वेळ नेमून देता येते. असर आणि मगरिबच्या मधला अर्धा तास ठरवावा. भाव पाहायचा तो तेव्हाच, कर्जाचा हिशेब तेव्हाच, बातमी तेव्हाच. दिवसा काळजी डोके वर काढू लागली की कागदावर दोन शब्द टिपावे आणि तिला सांगावे, "संध्याकाळी ये." मानसोपचारात ही पद्धत अनेक वर्षे वापरली जाते. पहिले चार-पाच दिवस हसू येते. नंतर लक्षात येते की संध्याकाळी वही उघडली की सकाळच्या निम्म्या काळज्या आपोआप विझलेल्या आहेत, आणि उरलेल्यांपैकी एखादीवर उद्या काहीतरी करता येणार आहे.

आधी हात, मग मन

भीतीपेक्षा उदासी फसवी. भीती माणसाला धावायला लावते, उदासी बसवून ठेवते. "मन लागत नाही", "घर खायला उठतं", "हातपाय गळाल्यासारखे झाले" अशा शब्दांत आपल्याकडे ती बोलते. मग माणूस म्हणतो, बरे वाटले की उठेन, बरे वाटले की बहिणीकडे जाईन. उठत नाही म्हणून बरे वाटत नाही, आणि बरे वाटत नाही म्हणून उठत नाही.

हे चक्र कोठून तोडायचे याचे उत्तर शेजारच्या गोव्यात फार चांगले तपासले गेले. 'संगत' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीच्या रुग्णांसाठी एक उपचार चालवला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठका. त्यांतला मुख्य भाग एवढाच: रुग्णाने पूर्वी ज्यात जीव रमायचा अशी छोटी कामे ठरवायची आणि मन लागो न लागो, ठरल्या वेळी करायची. तीन महिन्यांनी नेहमीच्या काळजीसोबत हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के उदासीतून बाहेर आले होते. फक्त नेहमीची काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. मन उठेपर्यंत थांबायचे नाही. हात आधी उठतात, मन मागून येते.

अल्लाहला सर्वांत प्रिय काम ते, जे थोडे असले तरी नेमाने केले जाते, या आशयाची हदीस आपल्याला पाठ असते. सवयीच्या बाबतीत याहून नेमके काही सांगता येणार नाही. एकदम रोज पाच किलोमीटर चालायचे ठरवणारा तिसऱ्या दिवशी घरी बसतो. पहिल्या आठवड्यात फक्त फजरनंतर अंगणात दहा मिनिटे उभे राहावे, उजेड डोळ्यांवर येऊ द्यावा. दुसऱ्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंत जावे. एखादीने कुंडीत पुदिना लावावा, एखाद्याने गंजलेली सायकल दुरुस्त करावी.

नमाजी माणसाला इथे एक तयार सोय आहे: दिवसाला पाच खुंट्या ठोकलेल्याच असतात. नवी सवय हवेत लटकवण्यापेक्षा यांतल्या एखादीला अडकवावी. जोहरनंतर एक फोन, असरनंतर चालणे, इशानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत. उदासीत नमाज सुटते, मग नमाज सुटल्याचा अपराधगंड उदासीत भर घालतो. अशा माणसाला सुटलेल्या नमाजांचा हिशेब विचारू नये. त्याच्याबरोबर एक वेळची पढावी, बस.

झोप

इशाआधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. आजचे झोपेचे डॉक्टर जे सांगतात ते याच्या फार जवळ आहे. झोपायची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालेल, उठायची वेळ बदलू नये. झोपेची घडी त्यावरच बसते. दुपारचा कैलूला वीस-तीस मिनिटांचा असावा, दोन तासांचा नसावा. संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडून पाहावा, हे सांगताना हिंगोलीत आपण किती शत्रू करतो याची कल्पना आहे. रात्री जाग आली आणि वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळू नये. उठून मंद उजेडात बसावे, जिक्र करावा, डोळे जड झाले की परतावे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा. धडधड याने खरोखर कमी होते. तंबाखू आणि गुटख्याने मन शांत होते असे ज्यांना वाटते, त्यांची शांती म्हणजे मागच्या पुडीची तलफ भागणे असते.

रमजानमध्ये झोपेचे तुकडे होतातच. तो महिना सोडून द्यावा. पण ईदनंतरही रात्री दोनपर्यंत जागणारी घरे आहेत, आणि तिथे सहरीचे निमित्तही नसते.

बायकांचा अर्धा तास

"रोज चालायला जा" हा सल्ला पुरुषाला सोपा आहे. मोहल्ल्यात राहणाऱ्या सुनेला तो सासूची नजर, लहान मूल आणि चुलीवरचे दूध ओलांडून पाळावा लागतो. दिवसभर काम करते म्हणजे तिचा व्यायाम होतोच, हे पुरुषांचे आवडते गणित आहे. हळद शिजवायच्या दिवसांत वाफेशेजारी उभी राहणारी मजूर बाई हलतच असते, पण त्या हलण्यात तिच्या मनाला विसावा नसतो. ज्या वेळी कोणी हाक मारणार नाही असा अर्धा तास तिला घराने द्यायला हवा. मूल अब्बाकडे, चहा जावेकडे. तिने त्या वेळात छतावर चालावे, मैत्रिणीकडे जावे किंवा नुसते बसावे. हिशेब मागू नये.

मला चादर पांघरा

सब्र म्हणजे ओठ शिवून बसणे, असा समज आपल्या घराघरांत आहे. हिरा गुहेत पहिली वही आली तेव्हा प्रेषित (स.) थरथरत घरी आले होते. त्यांनी घरच्यांना पांघरायला मागितले आणि भीती ओसरल्यावर ह. खदीजा (र.) यांना सगळे सांगितले, स्वतःला वाटलेल्या भीतीसह. खदीजांनी (र.) काय केले ते पाहण्यासारखे आहे. आधी पांघरूण घातले. ऐकून घेतले. "घाबरण्यासारखे काय आहे" असे म्हटले नाही. आप्तांशी जोडलेले नाते, दुबळ्यांचे उचललेले ओझे, पाहुण्यांची केलेली खातिर अशा त्यांच्या खऱ्या गुणांची आठवण दिली. आणि मग जाणकार असलेल्या वरका बिन नौफल यांच्याकडे त्यांना घेऊन गेल्या. ऊब, ऐकणे, खरा धीर, जाणकाराकडे नेणे: घरात कोणाचे मन ढासळले तर करायचे ते सगळे यात आले. आपल्याकडे यातली पहिली तीन कामे वगळून माणसाला थेट नसीहत सुरू होते.

ह. याकूब (अ.) पुत्रविरहात इतके रडले की डोळे गेले. त्यांच्या सब्राला कुरआनने कमी लेखले नाही. पुरुष वाचकांसाठी हे मुद्दाम लिहिले आहे. हॉटेलात बसून पाऊस, राजकारण आणि सोयाबीनचा भाव यांवर दोन तास बोलणारा माणूस "मला रात्री झोप येत नाही" हे एक वाक्य मित्राला सांगत नाही.

सवयी पुरत नाहीत तेव्हा

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यांत साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला मानसिक आजार आढळला आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, पण आपली गोष्ट वेगळी असण्याचे कारण नाही. विदर्भात 30 गावांत 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमाने घरोघर या विषयावर बोलणे सुरू केले, तेव्हा उदासीने ग्रस्त लोकांपैकी मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून दीड वर्षात 27.2 टक्क्यांवर गेले. राज्य सरकारने 2015 मध्ये शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्या 14 जिल्ह्यांत हिंगोलीही होती.

सलग दोन आठवडे मन खचलेले असेल, झोप-भूक उडाली असेल, कामात हात चालत नसेल, तर सवयींवर विसंबून न राहता डॉक्टरकडे जावे. वुजू पुन्हा पुन्हा करणे, नमाजची नियत दहा वेळा बांधणे, हातांची सालपटे निघेपर्यंत धुणे याला घरात तकवा समजले जाते. बऱ्याचदा तो वसवशाचा आजार असतो आणि उपचाराने उतरतो. आमिलकडे नेऊन सहा महिने घालवलेली मुलगी जेव्हा डॉक्टरपर्यंत पोहोचते, तेव्हा आजार सहा महिन्यांनी मुरलेला असतो. दुआ करावी आणि दवाही घ्यावी, उपचार करा, अल्लाहने प्रत्येक आजारासोबत इलाज उतरवला आहे, ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवडे फरक दिसत नाही, म्हणून ती मध्येच सोडू नये.

पहिले पाऊल घरबसल्या टाकता येते. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून. फोनवर नाव सांगण्याची सक्ती नाही. जिल्हा रुग्णालयात मनाच्या त्रासासाठी दाखवता येते. केसपेपर काढताना "झोप येत नाही" एवढे सांगितले तरी पुरते.

आणि एखादा माणूस "आता जगून काय करायचं" असे बोलू लागला, तर तो नाटक करतो आहे असे धरून चालू नये. हराम-हलालचा उपदेश त्या वेळी नको. त्याला आपले पाप ठाऊक असते आणि त्याने तो आणखी गप्प होतो. सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी 14416 ला फोन करावा किंवा रुग्णालयात न्यावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे ठरवले आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवायचे कारण उरलेले नाही. शेतीच्या घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. ती राहत्या घरात ठेवू नयेत. शेतातल्या खोलीत पेटीला कुलूप घालावे, आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असावी.